आईच्या कडेवरची व्यवस्था

कामण रोड स्थानकावर दिवसभरात थांबणाऱ्या प्रवासी गाड्या बोटांवर मोजता येतात. वसई रोड ते दिवा हा मार्ग मुख्यतः मालगाड्यांचा, आणि मेमू त्यातून वाट काढत धावते. ती चुकली की उरतो चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता. भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, पावसाळ्यात खड्डे, उन्हाळ्यात धूळ आणि शेअर रिक्षात मागे तिघं, पुढे चालकाला चिकटून आणखी एक. अशा रिक्षात सात-आठ वर्षांचं, मान न सावरणारं मूल मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईला आधी दोन सीटच्या भाड्याचा हिशेब सांगितला जातो. तिला पोचायचं असतं वांद्र्याला, हाजी अलीला नाहीतर परळला.

वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी. हाजी अलीला 1955 पासून चालत आलेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, परळला वाडिया रुग्णालय. तिन्ही ठिकाणं नावाजलेली, तज्ज्ञ तिथे आहेत आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळच कमी. अडचण एवढीच की दिव्यांग मुलाचा उपचार हा ऑपरेशनसारखा एकदा होऊन संपत नाही. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी ही आठवड्यातून दोनदा-तीनदा, वर्षानुवर्षं करायची कामं. एका सत्राला पाऊण तास लागतो. कामणहून त्या पाऊण तासासाठी आख्खा दिवस मोडतो. पहिले दोन-तीन महिने घर नेटाने जातं, मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून, आणि एक दिवस केसपेपर कपाटात पत्रिकेशेजारी जाऊन बसतो. पुढे कधी डॉक्टरांकडे गेल्यावर ऐकावं लागतं, ‘‘इतके दिवस का आला नाहीत?’’

घर थकतं ते मुलापायी, असा सर्वसाधारण समज आहे. कामणसारख्या ठिकाणी नीट पाहिलं तर मुलाचं करणं हा त्या थकव्याचा एक भाग. उरलेला सगळा भाग अंतराचा, रांगेचा आणि कागदाचा आहे.

मुलाचं करणं म्हणजे काय, हेही बाहेरच्यांना क्वचितच ठाऊक असतं. साधं दुपारचं जेवण घ्या. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं ठेवून भरवता येत नाही, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्याला ताठ बसवायचं, पाठीशी उशी, डोकं आपल्या कोपराच्या बेचक्यात. मान मागे गेलेली चालत नाही, किंचित पुढे झुकलेली हवी. वरण-भात इतका मऊ कालवायचा की शीत हाताला लागू नये. तरी फार पातळही नको, कारण पातळ पदार्थाला ठसका लवकर लागतो. चमचा जिभेच्या मध्यावर टेकवायचा आणि ओठ मिटायची वाट बघायची. गिळल्याचं गळ्यावर दिसलं की पुढचा घास. अर्धा घास बाहेर येतो, तो पुसायचा. एक वाटी भात संपायला पाऊण तास, कधी तास. दिवसातून तीन-चार वेळा हेच. यात आंघोळ, शी-शू, औषधं, फिटचा झटका, रात्रीची जाग काही धरलेलं नाही. आणि मूल मोठं होत असतं. दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेणारी आई दहाव्या वर्षी पंचवीस किलो वजन उचलत असते, तेही घराच्या उंच पायरीवरून, संडासापर्यंत. तिची कंबर कुठल्याच सरकारी आकडेवारीत येत नाही.

स्वमग्न मुलाच्या घरातली तऱ्हा वेगळी. तिथे उचलायचं नसतं, धावायचं असतं. दाराला आतून वर कडी, कुकरची शिट्टी मुलाला सोसत नाही म्हणून पहाटेच लावलेला भात, लग्नाच्या मांडवात बँड वाजला की आई-मूल मांडवाबाहेर. ‘‘लाडावून ठेवलंय’’ हे वाक्य अशा आईने इतक्यांदा ऐकलेलं असतं की ती आता उत्तर देत नाही.

या सगळ्यात बाप कुठे असतो? कामण-चिंचोटी पट्ट्यातल्या गाळ्यांत, कारखान्यांत, गोदामांत. बारा तासांच्या पाळीवर. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या एका सरकारी प्राध्यापिकेच्या प्रकरणात सांगितलं की, दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं हे स्त्रियांचा नोकरीत समान सहभाग राखण्याच्या घटनात्मक कर्तव्याला धरून नाही. निकाल चांगलाच आहे. पण तो लागू पडतो तिथे मुळात रजेचं पुस्तक असतं. गाळ्यात रोजंदारीवर असणाऱ्याचा खाडा म्हणजे पगारात कपात, आणि महिन्याला आठ खाडे म्हणजे दुसरं काम शोधा. म्हणून बहुतेक घरांत नोकरी सोडते ती आई. थेरपीचा खर्च वाढतो त्याच महिन्यात घरातला एक पगार कमी होतो. सासरच्यांनी सुनेला दोष दिल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत, पण तेवढ्याच खऱ्या त्या आज्या, ज्या नातवाचे पाय दिवसभर चोळत बसतात म्हणून सुनेला चार घरची कामं करता येतात. अनेक घरं आजीच्या जिवावर उभी आहेत. आजी गेली की त्या घराची घडी विस्कटते, आणि शोकपत्रात याचा उल्लेख नसतो.

तुंगारेश्वरच्या डोंगराखालच्या पाड्यांवर अजून भगताकडे नेतात म्हणून शहरी माणूस नाक मुरडतो. त्याने जरा थांबावं. भगत कोंबडं-नारळ घेऊन निदान घरी सोडतो. स्वमग्नता ‘बरी करून देतो’ म्हणत मूळ पेशींचं (स्टेम सेल) इंजेक्शन देणारे चकचकीत दवाखाने शिकल्या-सवरल्या आईबापांकडून लाखो रुपये घेत आले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये हा उपचार स्वमग्नतेसाठी शिफारस करण्याजोगा नाही, असं स्पष्ट केलं. तोवर किती जणींचे दागिने मोडले गेले असतील, याची नोंद कोण ठेवणार? आशेचा बाजार दोन्हीकडे भरतो, फक्त दर वेगळे.

आता कागद. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. 1995 च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं जाई, या कायद्याने ती यादी एकवीसवर नेली आणि स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया असलेल्या कितीतरी मुलांना ओळख मिळाली. ओळख मिळाली ती कायद्यात. हातात पडायला वैश्विक ओळखपत्र लागतं, ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात. त्यासाठी ऑनलाइन अर्ज, मग ठरलेल्या वारी सरकारी रुग्णालयात तपासणी; बौद्धिक अक्षमतेसाठी मानसतज्ज्ञाची बुद्ध्यांक चाचणी. 40 टक्के ही रेघ. त्याच्या खाली पांढरं कार्ड, 40 ते 80 ला पिवळं, त्यावर निळं. मूल लहान असेल तर प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं मिळतं, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तीच रांग. गुणसूत्रांत फरक घेऊन जन्मलेलं डाउन सिंड्रोमचं मूल पाच वर्षांनी तसंच आहे ना, हे बघायला त्याला परत का बोलवायचं, याचं समाधानकारक उत्तर कुठल्याही खिडकीवर मिळत नाही.

कागदासाठी जायचं ते जिल्ह्याच्या ठिकाणी. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. प्रशासन लोकांच्या जवळ यावं, हा हेतू. जव्हार-मोखाड्यासाठी तो हेतू बऱ्याच अंशी साधलाही. कामणचं मात्र उलटं झालं. जुनं मुख्यालय ठाणं घोडबंदर रस्त्याने त्यातल्या त्यात जवळ होतं. नवं पालघर गाठायला आधी वसई रोड आणि तिथून रेल्वेने आणखी चाळीसेक किलोमीटर. नकाशावर रेघ मारणाऱ्याच्या कडेवर मूल नसतं.

आणि ज्या मदतीसाठी ही धावपळ, ती किती? संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना मिळणारे दरमहा 1,500 रुपये राज्य सरकारने 2025 मध्ये 2,500 केले. वाढ स्वागतार्ह. पण योजनेची पात्रता बघा: दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत हवं. भागाकार केला तर महिन्याला 4,166 रुपये. कामणच्या गोदामात हमाली करणारा माणूसही यापेक्षा जास्त कमावतो, मग भले त्यातले अर्धे भाड्यात जावोत. याचा अर्थ असा की ज्या घरात बाप राबतोय, ते घर प्रामाणिकपणे उत्पन्न सांगेल तर अपात्र. मग तलाठ्याकडून कमी उत्पन्नाचा दाखला ‘मिळवला’ जातो. मुलाला मदत मिळावी म्हणून आईबापांना खोटं बोलायला लावणारी ही मर्यादा ताबडतोब उठवली पाहिजे. अपंगत्वाचा खर्च हा घराच्या उत्पन्नावर ठरत नाही. मुलाला लागणारं डायपर हमालालाही तेवढ्यालाच मिळतं.

राष्ट्रीय न्यासाची निरामय ही विमा योजना त्या मानाने कामाची. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, त्यात थेरपीचा खर्चही. फक्त पैसे आधी आपण भरायचे आणि बिलं जोडून मग मागायचे. शिवाय योजना माहीत असायला हवी. अनेक घरांना ती माहीत होते तेव्हा मूल पंधरा वर्षांचं झालेलं असतं.

शाळेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे नकार कुणी तोंडावर देत नाही. सहा ते अठरा वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकायचीही मुभा मिळाली. त्यामुळे शाळा नाव दाखल करते. पटावर मूल असतं, वर्गात बहुधा नसतं. मुख्याध्यापकांनाच सगळा दोष देणंही बरोबर नाही. साठ पोरांचा वर्ग, एक शिक्षक, त्यात निवडणुकीची कामं. तो या मुलाला कसं सांभाळणार? दर दहा दिव्यांग मुलांमागे प्राथमिकला एक विशेष शिक्षक हवा, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक, हे प्रमाण केंद्राने सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2022 मध्ये अधिसूचित केलं. महाराष्ट्रात मात्र विशेष शिक्षक शाळांच्या एका केंद्रामागे एक अशा हिशेबाने दिला जातो, म्हणजे दहा-पंधरा शाळांना एक माणूस. तो महिन्यातून एकदा घरी येतो, वही तपासतो, आईशी बोलतो. आई त्या भेटीची वाट पाहते, कारण तिच्या मुलाच्या प्रगतीबद्दल कुणीतरी विचारण्याचा तो महिन्यातला एकमेव प्रसंग.

2011 च्या जनगणनेनुसार देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग, लोकसंख्येच्या 2.21 टक्के, महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून अधिक. हे आकडे कमी आहेत, असं या क्षेत्रातले जवळजवळ सगळे मानतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची मुलं प्रत्यक्ष तपासली, तेव्हा साधारण आठातल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी निगडित काही ना काही अडचण सापडली. घरोघर जाऊन विचारलं तर लोक लपवतात. तपासलं तर दिसतं.

मराठी समाजाला या विषयाचं वावडं आहे असं नाही. 1991 च्या ‘चौकट राजा’ने महाराष्ट्राला रडवलं. दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि सुलभा देशपांड्यांची आई आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. थिएटरात हुंदके देणाऱ्या त्याच प्रेक्षकांच्या गृहसंकुलात मात्र घसरगुंडीवर असं मूल आलं की बाकीच्या मुलांना हाका येतात, ‘‘चला रे, अभ्यास राहिलाय.’’

एका बाबतीत महाराष्ट्राचा इतिहास खरोखर उजळ आहे. 1944 मध्ये होर्मसजी आणि जेरबानू वकील यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी, जयसाठी, शाळा सुरू केली. आज शिवडीची जय वकील शाळा राज्यभरच्या विशेष शाळांना ‘दिशा’ हा अभ्यासक्रम पुरवते. 1972 मध्ये मिठू आलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला, मालिनीला, शाळा मिळेना म्हणून मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी उभी केली. मालिनी चिब पुढे उच्चशिक्षित झाली, एका बोटाने टंकून तिने आत्मचरित्र लिहिलं. नाशिकला रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने 1977 मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं. आणि कामणहून दिव्याकडे जाणारी गाडी जिथून जाते त्या डोंबिवलीजवळच्या खोणी गावात अविनाश बर्वे आणि त्यांच्यासोबतच्या पालकांनी ‘घरकुल’ उभारलं, मोठ्या झालेल्या मतिमंद मुलांना कायम राहण्यासाठी. ‘‘माझ्यामागं याचं कोण?’’ हा जो प्रश्न प्रत्येक आईच्या उशाशी असतो, त्याला तिथे विटा-सिमेंटचं उत्तर मिळालं.

ही माणसं थोर आहेत, यात वाद नाही. वाद आहे तो आपण त्यांच्या थोरवीचं काय केलं यावर. दर वेळी एखादी आई संस्था काढते, आपण तिचा सत्कार करतो, दिवाळी अंकात मुलाखत छापतो, आणि पुढच्या आईकडून तीच अपेक्षा ठेवतो. जे काम सरकारचं आणि पालिकेचं, ते अशा रीतीने पालकांच्या जिद्दीवर ढकललं जातं. या संस्थापकांपैकी कुणी शिक्षक होतं, कुणाच्या मागे शहर आणि ओळखीपाळखी होत्या. कामणच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या बाईने ट्रस्ट नोंदवावा, देणग्या गोळा कराव्यात, जमीन मिळवावी आणि मधल्या वेळात मुलाला चार वेळा भरवावं, ही अपेक्षा निर्दय आहे. प्रत्येक पालकाने योद्धा असण्याची गरज नाही. साध्या, दमलेल्या, कधीकधी मुलावर चिडणाऱ्या, टीव्हीसमोर डोळा लागणाऱ्या आईबापांचं मूलही नीट वाढलं पाहिजे.

चिडण्याचा विषय निघालाच आहे तर तोही बोलला पाहिजे. या घरांत मूल कधीतरी मार खातं. आई नंतर रडते. धाकट्या बहिणीला सहलीला पाठवायचे पैसे दादाच्या औषधात जातात, आणि तिला ‘‘तू शहाणी आहेस ना’’ असं म्हटलं जातं. शहाणपणाचा हा कर ती आयुष्यभर भरते. तिचं लग्न जुळवताना घरात कोण-कोण असतं, हा प्रश्न येतो आणि दादाला त्या दिवशी मामाकडे ठेवलं जातं. मूल अठरा वर्षांचं झालं की आणखी एक धक्का: कायद्याच्या नजरेत आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. म्हणजे पुन्हा पालघर.

तर करायचं काय? नवं रुग्णालय, मोठी इमारत, कोनशिला यांची गरज नाही. महापालिकांनी आपल्या निधीतला 5 टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्याचा नियम आहे. 2009 मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेने त्यातून कामणमध्येच एक खोली घ्यावी; आरोग्य केंद्रातली, शाळेतली, समाजमंदिरातली, कुठलीही चालेल. आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि एक स्पीच थेरपिस्ट तिथे बसावा. चटई, मोठा चेंडू, समांतर दांड्या, एक आरसा. साहित्य एवढंच लागतं. मुंबईच्या तज्ज्ञांनी वर्षातून दोनदा दिशा ठरवून द्यावी, रोजचं काम इथे व्हावं आणि आईला घरी काय करायचं ते हाताला धरून शिकवावं. पोमण, नागले, चिंचोटी, बापाणे इथल्या मुलांनाही ती खोली जवळची पडेल.

दुसरं, प्रमाणपत्राचं शिबिर वर्षातून दोनदा कामणला भरवावं. डॉक्टरांची एक गाडी इकडे येणं सोपं, की शंभर मुलांना पालघरला नेणं, याचं गणित कुणालाही जमेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाड्यांत जातातच. त्यांना संशयित वाटलेलं मूल तिथेच शिबिराच्या यादीवर चढावं. अंगणवाडी सेविकेला सगळी घरं ठाऊक असतात. दाराआड कोण आहे, हे तिच्याइतकं तहसीलदारालाही माहीत नसतं. तिला या कामाचे वेगळे पैसे द्यावेत, कारण फुकटात कामं करून घ्यायची सवय सरकारला तिच्याच बाबतीत सर्वात जास्त आहे.

राज्याने 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. त्या विभागाने पहिल्यांदा 50,000 च्या मर्यादेकडे बघावं. वसई-विरारच्या नगरसेवकांनी आणि आयुक्तांनी एकदा सकाळी, मुलाला मांडीवर घेतलेल्या आईसोबत, कामणहून हाजी अलीपर्यंत जाऊन यावं. आणि वाचकहो, तुमच्या चाळीत, पाड्यावर, इमारतीत असं एक घर असेलच. त्या आईला ‘‘काही लागलं तर सांग’’ असं म्हणू नका. ती सांगणार नाही. रविवारी दुपारी दोन तास मुलाजवळ बसता का, ते बघा.